दुपारी वारा फिरतो तेव्हा फळीवरचा माणूस काय करतो?

फेब्रुवारी-मार्च आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास छापून येतं: ‘समुद्री वारे उशिरा वाहू लागल्याने पारा चढला.’ 2025 च्या फेब्रुवारीअखेर पारा 38 अंशांपलीकडे गेला आणि हवामान खात्याने मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला, तेव्हाही कारण हेच होतं. पूर्वेकडचे वारे जोरात, समुद्रावरचे उशिरा. वाचणारा घाम पुसतो आणि पान उलटतो. पण वारा ‘उशिरा’ आला असं म्हणताना त्याची यायची एक वेळ असते, हे आपण मान्य केलेलं असतं. ती वेळ कोण ठरवतं? आणि आलेला वारा दुपारभर एकाच दिशेने, एकाच जोराने का वाहत नाही?

हे समजून घ्यायला विंडसर्फिंगइतका चांगला खेळ नाही. एक लांबट फळी, तिच्यावर उभं केलेलं एक शीड, आणि ते शीड दोन्ही हातांनी धरून उभा असलेला माणूस. इंजिन नाही, सुकाणू नाही, ब्रेक तर नाहीच. वारा दहा अंशांनी वळला तरी त्याला ते खांद्यात कळतं.

आपण एक दुपार घेऊ. जागा पणजीजवळचा मिरामार-करंझाळेचा किनारा, महिना फेब्रुवारी. समुद्राकडे, म्हणजे साधारण पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की समोर मांडवीच्या मुखाचा उपसागर, उजवीकडे आग्वादचं टोक, डावीकडे काबोचं भूशिर. ही दोन टोकं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

## वेळापत्रक कोण ठरवतं?

खारे वारे आणि मतलई वारे हा धडा आपण सगळ्यांनी शाळेत घोकला आणि परीक्षा झाल्यावर त्याला रामराम ठोकला. थोडी उजळणी करू. सकाळचं ऊन वाळूवर पडतं तेव्हा वरचा पातळ थरच तापतो, म्हणून तो झटपट तापतो. पाण्यात तेच ऊन खोल शिरतं, लाटा ते ढवळतात, शिवाय पाण्याला तापायला मुळातच जास्त उष्णता लागते. अकरा वाजता वाळूत अनवाणी चालवत नाही, पाणी मात्र सकाळी होतं तसंच असतं. जमिनीवरची हवा तापून वर चढते, उंचावर गेल्यावर समुद्राकडे सरकते, जमिनीवरचा दाब किंचित उतरतो आणि ती जागा भरायला समुद्रावरची थंड हवा आत येते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, चक्र उलटतं, आणि जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई.

पुस्तकातल्या आकृतीत दोन बाण काढले की काम संपतं. किनाऱ्यावर मात्र खरी गंमत या दोन बाणांच्या मधल्या वेळेत असते. फेब्रुवारीत सकाळी मिरामारला वारा पाठीकडून, पूर्वेकडून येतो. त्यात रात्रीचा मतलई असतो आणि हिवाळ्यात दख्खनवरून वाहणाऱ्या कोरड्या वाऱ्याची भरही असते. दहा-अकराच्या सुमारास तो दमतो. मग माडाचं झाप हलत नाही अशी एक वेळ येते. समुद्रावरचा वारा जमिनीकडे यायला बघतो आहे, जमिनीवरचा अजून हटलेला नाही, आणि दोघांच्या रेटारेटीत मधल्या पट्ट्यात काहीच नाही. शिकाऊ माणूस अशा वेळी कंटाळून निघून जातो. जाणता माणूस बसून शीड बांधायला घेतो, कारण थोड्याच वेळात दूर पाण्यावर एक गडद रेघ दिसणार आणि ती किनाऱ्याकडे सरकणार, हे त्याला ठाऊक असतं. ती रेघ म्हणजे खाऱ्या वाऱ्याची पुढची कड.

पूर्वेचा वारा अंगाने दांडगा असेल तर ही कड दोन-दोन तास किनाऱ्याबाहेरच अडकून पडते. तोवर शहर तापत राहतं. वर्तमानपत्रातलं ते वाक्य म्हणजे एवढंच.

वारा आला की सुरुवातीला तो जवळपास सरळ समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि हलका असतो. जमीन तापत जाते तसा जोर वाढतो. चांगल्या दिवशी तीन-चारच्या सुमारास 10 ते 15 नॉट मिळतात. (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. 10 नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर.) आणि जोर वाढताना तो वळतही असतो. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे उत्तर गोलार्धात लांबवर वाहणारी कोणतीही हवा स्वतःच्या उजवीकडे झुकते. पश्चिमेकडून निघालेला वारा झुकत झुकत वायव्येकडून येऊ लागतो. या दिवसांत किनाऱ्याबाहेरचा एकंदर वाराही उत्तर-वायव्येकडचाच असतो, तोही त्याला तिकडे ओढतो. कोकण-गोव्यात दुपार कलली की वारा वायव्येचा, हे म्हणून. मावळतीला जमीन निवते आणि खेळ खलास.

म्हणजे एका दुपारीत वारा उलटतो, पडतो, उठतो, वाढतो, वळतो आणि विरतो. यातलं बरंचसं आधी सांगता येतं. लहरी म्हणतात तो वारा तितका लहरी नाही.

## वाऱ्याबरोबर जाता येईल, पण परत कसं यायचं?

पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हे विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. शीड म्हटलं की डोळ्यांसमोर मागून वारा भरलेलं, फुगलेलं गलबत येतं. तसंच असतं तर मिरामारहून निघालेला माणूस पश्चिमेच्या वाऱ्यात मुळात निघालाच नसता.

विंडसर्फिंगमध्ये वारा बहुतेक वेळ बाजूने घेतात. शिडाला विमानाच्या पंखासारखा बाक असतो, फक्त तो पंख उभा धरलेला असतो. येणारी हवा त्या बाकावरून जाताना वळते. हवेला एका बाजूला वळवायचं तर शिडाला दुसऱ्या बाजूला रेटा बसणारच. हा रेटा बराचसा आडवा आणि थोडासा पुढे असतो. फळीच्या बुडाला मागे एक उभं पातं असतं, त्याला फिन म्हणतात. शिकाऊंच्या फळीला मध्येही एक पातं खाली सोडता येतं. फळीला आडवं सरकायला ही पाती पाणी कापू देत नाहीत. आडवा भाग तिथे अडतो आणि पुढचा भाग तेवढा उरतो. फणसाची ओली आठळी दोन बोटांत दाबून बघा. बोटं दाबतात आडवी, आठळी सुटते पुढे. इथे एक बोट वाऱ्याचं, दुसरं पाण्याचं.

याला मर्यादा आहे. वारा जिथून येतो त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण 45-45 अंशांच्या आत फळी चालत नाही. शीड नुसतं फडफडतं. वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असं नागमोडी जावं लागतं. कोकणातल्या गलबतांना हे शतकानुशतकं करावं लागलंच आहे.

आता इथे वळणाऱ्या वाऱ्याचा हिशेब बघा. समजा पश्चिमेला एक बोया, म्हणजे नांगरलेली तरंगती खूण आहे आणि तिथवर जायचं आहे. दोन वाजता वारा नेमका पश्चिमेचा. तुमच्यापुढे दोन वाटा: आधी वायव्येकडे जा किंवा आधी नैऋत्येकडे. त्या क्षणी दोन्ही सारख्याच. पण तासा-दीड तासात वारा तीसेक अंशांनी उजवीकडे, वायव्येकडे वळणार हे तुम्हाला माहीत आहे. आधी वायव्येकडे गेलेला माणूस तेव्हा वळतो आणि त्याची फळी जवळपास बोयाच्या रोखाने धावते, कारण नव्या वाऱ्यात त्या बाजूला पश्चिमेपासून फक्त पंधरा अंश सुटतात. आधी नैऋत्येकडे गेलेला आता वळला की त्याला जवळजवळ उत्तरेकडे जावं लागतं, बोया डावीकडेच राहतो. फळी तीच, शीड तेच, दंडातला जोरही तोच. शर्यती याच हिशेबावर जिंकल्या-हरल्या जातात.

पण फार उजवीकडेही जायचं नाही. तिकडे आग्वादचा डोंगर आहे आणि वायव्येचा वारा त्याच्यावरून येतो. डोंगराच्या आडोशाला वारा तुटक होतो: दोन क्षण काहीच नाही, मग एकदम धपका. मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर असंच होतं, तिथे वायव्येचा वारा मलबार हिल आणि तिच्यावरच्या इमारती ओलांडून पाण्यावर उतरतो. आडोसा किती लांब पोचतो याचा अंदाज पाण्यात उतरूनच बसतो.

## सुकाणू नाही, मग वळवतात कसं?

शीड वाकवून. या खेळाचं सगळं मर्म डोलकाठीच्या बुडातल्या सांध्यात आहे. होडीवर डोलकाठी घट्ट रोवलेली असते. इथे ती एका लवचीक सांध्यावर बसवलेली असते, त्यामुळे पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, कुठेही झुकते. शीड पुढे झुकवलं की वाऱ्याचा रेटा फळीच्या पुढच्या भागात पडतो आणि नाक वाऱ्यापासून दूर जातं. मागे झुकवलं की नाक वाऱ्याकडे वळतं. बस्स.

साधी वाटणारी ही गोष्ट जमायला वेळ लागला, आणि तिच्यावरून भांडणंही झाली. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यावर हातात शीड धरून चालवायची फळी बनवली. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक या विमान अभियंत्याने आणि हॉयल श्वाइत्झर यांनी सांध्याची रचना पक्की केली, 1968 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते 1970 मध्ये मिळालं. पुढे इंग्लंडमधल्या एका खटल्यात पीटर चिल्व्हर्स यांनी 1958 मध्ये, म्हणजे पोरवयातच, हेलिंग बेटावर असलंच काहीतरी चालवलं होतं हे पुढे आलं आणि तिथे ते पेटंट टिकलं नाही. कोणी आधी केलं हा वाद रसिकांसाठी सोडू. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला, महिलांची शर्यत 1992 पासून सुरू झाली.

शिकणाऱ्याला मात्र पहिल्या दिवशी वळण्याआधी शीड उचलण्यातच घाम फुटतो. शीड पाण्यात आडवं पडलेलं असतं, त्यावर पाणी बसलेलं असतं. फळीवर उभं राहून, पाय डोलकाठीच्या दोन बाजूंना ठेवून एक जाड दोरी ओढायची. सुरुवातीला वाटतं की खाली कुणीतरी धरून ठेवलंय. मग शिडाच्या कडेखाली हवा शिरते, पाणी निथळतं, शीड एकदम हलकं होतं आणि जोर लावून ओढणारा माणूस मागच्या मागे पाण्यात. सगळ्यांचं हेच होतं. उपाय एकच, हळू ओढायचं आणि पाणी निथळायला वेळ द्यायचा.

## वारा दुप्पट झाला की जोर किती होतो?

चौपट. ‘वारा जरा वाढलाय’ असं म्हणताना आपण हे विसरतो. शिडावरचा रेटा वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. ढोबळ हिशेबाने 6 चौरस मीटरच्या शिडावर 10 नॉट वाऱ्यात साधारण 10 किलो वजनाइतकी ओढ पडते. 15 नॉटला ती 22 किलोच्या घरात जाते. 20 नॉटला 40. दोन वाजता आरामात पेलत असलेलं शीड चार वाजता तुम्हाला पेलेनासं होतं ते तुम्ही दमलात म्हणून नाही (दमलेले असताच, ते वेगळं).

मग सुरुवातीलाच लहान शीड का घेऊ नये? घेता येतं, पण दोन वाजताच्या हलक्या वाऱ्यात फळी रांगत राहते. मोठं घेतलं तर चार वाजता फरफट होते. म्हणून नियमित खेळणारे दोन-तीन मापांची शिडं बाळगतात आणि मध्ये किनाऱ्यावर येऊन बदलतात. दुपारच्या वाऱ्याचा स्वभाव ठाऊक असेल तर निवड सोपी होते: वारा वाढत जाणार असेल तर थोडं लहान घ्या, पहिला तास रांगा. पाचनंतर पाण्यात उतरणार असाल तर मोठं.

शीड तेच ठेवूनही थोडी सोय करता येते. शिडाची खालची कड डोलकाठीच्या बुडाकडे ताणणारी एक दोरी असते. ती जास्त ताणली की शिडाचा वरचा भाग मागच्या कडेला ढिला पडतो आणि जोराचा झोत आला की तिथून हवा आपोआप निसटते. जोरदार वाऱ्यात नीट बांधलेलं शीड वरच्या बाजूला सैल, सुरकुतलेलं दिसतं. नवखा माणूस ते बघून ‘बरोबर बांधलं नाही वाटतं’ म्हणून दोरी सैल करायला जातो आणि तासाभराने दंड धरून बसतो.

ओढ पेलायला दंड पुरत नाहीतच. त्यासाठी कमरेला पट्टा असतो, त्याला पुढे आकडा. शीड धरायच्या आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, दोरीचा फास असतो. आकडा त्यात अडकवला की शीड तुमच्या हातांवर नाही, वजनावर तोललं जातं.

## झोत येतो तेव्हा

वाऱ्याचा सरासरी वेग बातम्यांत सांगायला बरा. फळीवर सरासरी कधी भेटत नाही, भेटतात ते झोत आणि त्यांच्यामधली पोकळी. झोत दिसतो. शांत पाण्यावर आकाश चकचकीत उमटतं. जिथे वारा टेकतो तिथे बारीक सुरकुत्या उठतात आणि तेवढा तुकडा गडद होतो. हा गडद तुकडा तुमच्याकडे पळत येतो. वाऱ्याच्या बाजूला नजर ठेवणाऱ्याला पाच-दहा सेकंद आधी कळतं, आपल्या पायांकडे बघणाऱ्याला पाण्यात पडल्यावर.

लाटांच्या माथ्यावरचा फेसही बोलतो. ब्रिटिश नौदलातले फ्रान्सिस ब्युफर्ट यांनी 1805 मध्ये वाऱ्याची प्रत ठरवायची पायरीवार पद्धत लिहून काढली. पुढे तिच्यात समुद्राच्या रूपाची वर्णनं आली. त्या पायऱ्यांनुसार 7 ते 10 नॉटला पांढरा फेस तुरळक दिसतो, 11 ते 16 ला बऱ्यापैकी दिसू लागतो. चहाच्या टपरीवरून एवढं बघूनही शिडाचं माप ठरवता येतं.

झोत अंगावर आला की शरीर आपोआप करतं ते नेमकं चुकीचं असतं. शीड हातातून सुटतंय असं वाटून माणूस ते आणखी घट्ट जवळ ओढतो. मागच्या हाताने ओढलं की शीड जास्त वारा पकडतं, ओढ वाढते, आणि माणूस आकड्यासकट पुढे, फळीच्या नाकावरून पाण्यात भिरकावला जातो. करायचं ते उलट: गुडघे वाकवून बूड खाली आणि मागे न्यायचं, वजन बूमला टांगायचं, आणि तरी पेललं नाही तर मागचा हात थोडा सैल सोडायचा. हवा निघून जाते, फळी पुढे झेप घेते. झोत ओसरला की पुन्हा सरळ.

हा शेवटचा भाग जास्त अवघड. मागे रेलून उभं असताना वारा पडला तर ज्याला टेकलो तोच गेला, आणि माणूस पाठीवर पाण्यात. पहिल्या आठवड्यातल्या पडण्यांपैकी झोताने पाडलेल्या किती आणि पडलेल्या वाऱ्याने पाडलेल्या किती, हे मोजलं तर दुसरा आकडा मोठा निघेल अशी माझी पैज आहे.

## फळी वाऱ्यापेक्षा जोरात जाऊ शकते का?

जाऊ शकते, आणि हे ऐकून लोक हमखास मान हलवतात. वारा तासाला वीस किलोमीटरने ढकलत असेल तर फळी तीसने कशी जाणार?

वारा मागून असेल तर नाहीच जाणार. पण आपण तो बाजूने घेतोय. वारा पडलेल्या दिवशी स्कूटर चाळीसने हाणली तरी तोंडावर चाळीसचा वारा लागतो. फळीवरच्या शिडालाही खरा वारा आणि स्वतःच्या वेगामुळे समोरून येणारा वारा यांची बेरीज लागते. फळी जोरात जाऊ लागली की शिडाला लागणारा वारा वाढतो, त्यामुळे ओढ वाढते, वेग आणखी वाढतो. हे कुठवर चालतं? पाण्याचा अडथळा बरोबरीला येईपर्यंत. म्हणून सगळी धडपड पाण्याचा अडथळा कमी करण्याची. 2012 मध्ये नामिबियाच्या वॉल्विस बे इथे पॉल लार्सन यांनी शिडाच्या एका खास नौकेतून 500 मीटरवर 65.45 नॉटची सरासरी गाठली, तेव्हा वारा याच्या निम्म्याहून कमी होता.

विंडसर्फिंगमध्ये अलीकडे आलेलं फॉइल हेच करतं. फळीखाली एका लांब दांड्यावर लहान पंख असतो. वेग आला की तो फळीला पाण्याबाहेर उचलतो आणि पाण्यात फक्त दांडा आणि पंख उरतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ही शर्यत पहिल्यांदा फॉइलवर झाली. इटलीची मार्ता माज्जेत्ती आणि इस्रायलचा टॉम रेउवेनी यांनी सुवर्णपदकं घेतली. पाणी होतं मार्सेयचं, आणि तिथेही वारा रुसल्याने अंतिम शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या.

बेरजेच्या या वाऱ्यामुळे बदल ओळखणं मात्र किचकट होतं. खरा वारा पडला की बेरजेत स्वतःच्या वेगाचा वाटा वाढतो, म्हणून वारा अचानक समोरून आल्यासारखा वाटतो. झोत आला की उलट, मागे सरकल्यासारखा. नवख्याला वाटतं दिशा बदलली. प्रत्यक्षात दिशा तीच असते, बदललेला असतो जोर. किनाऱ्यावरचा झेंडा बघितला की शंका मिटते, तो कुठे पळत नसतो.

## फोनवर वारा दिसतोच की

दिसतो, आणि बघावाच. पण तो काय दाखवतो हे माहीत हवं. जागतिक अंदाजांपैकी उत्तम म्हणून मानला जाणारा युरोपियन हवामान केंद्राचा अंदाजसुद्धा नकाशाचे सुमारे 9 किलोमीटरचे चौकोन धरून केलेला असतो. त्या चौकोनात आग्वाद, मिरामार आणि काबो एकत्र कोंबलेले. डोंगराच्या आडोशाचा त्याला पत्ता नसतो, आणि खाऱ्या वाऱ्याची नेमकी वेळ पकडणंही त्याला जड जातं. शिवाय आकडा जमिनीपासून 10 मीटर उंचीचा असतो. तुमच्या शिडाचा मध्य त्याच्या बराच खाली, जिथे वारा थोडा कमी असतो.

मला विचाराल तर अंदाजातून दोनच गोष्टी घ्याव्या: सकाळचा पूर्वेचा वारा किती जोराचा आहे आणि दुपारी मोठा ढग उठणार आहे का. बाकी किनाऱ्यावर अर्धा तास बसून कळतं.

## पावसाळ्यात तर भरपूर वारा असतो

असतो, नैऋत्येचा, दिवस-रात्र. पण त्याच्याबरोबर खुल्या समुद्रातून येणाऱ्या मोठ्या लाटा किनाऱ्यावर फुटतात, पावसाची सर येताना वारा काही मिनिटांत दुप्पट होतो आणि समोरचा किनारा दिसेनासा होतो. जून ते सप्टेंबर गोव्यात समुद्रावरचे जलक्रीडा व्यवसाय बंद असतात ते उगाच नाही. खेळाचा हंगाम नोव्हेंबर ते मे.

मे महिन्यातही एक लबाड प्रकार असतो. दुपारी पूर्वेला ढग चढतात, खारा वारा अचानक पडतो, हवा कोंदते. लोकांना वाटतं संध्याकाळ झाली. मग ढगातून कोसळलेली गार हवा जमिनीवरून समुद्राकडे सुसाट निघते, म्हणजे दिशा बरोबर उलटी. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरलेला दिसला की पाण्यात थांबायचं नाही.

## मग हा खेळ धोक्याचा नाही का?

धोका वाऱ्याच्या जोरापेक्षा दिशेत जास्त असतो. समुद्रावरून येणारा वारा, तुम्हाला काहीच जमलं नाही तरी, शेवटी वाळूवरच आणून टाकतो. जमिनीवरून जाणारा वारा फसवतो: किनाऱ्याजवळ पाणी अगदी सपाट, वारा हलका वाटतो, आणि जसजसे बाहेर जाल तसतसा तो वाढतो. म्हणून सकाळच्या शांत पाण्याला भुलून नवख्याने उतरू नये; मिरामारची दुपार त्याच्यासाठी जास्त भरवशाची.

मांडवीच्या मुखाशी ओहोटीचाही विचार करावा लागतो. ओहोटीचं पाणी समुद्राकडे चाललेलं आणि वारा समुद्राकडून येणारा, म्हणजे दोघं समोरासमोर. लाटा आखूड आणि उभ्या होतात, फळी आपटत जाते. भरतीला तोच वारा असला तरी पाणी बरंच नरम असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक जास्त जाणवतो, अष्टमीच्या भांगाला कमी.

बाकी नियम थोडे. निघताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर परतीचा टप्पा सोपा राहतो. लाइफ जॅकेट घालायचं, पोहता येत असलं तरी. आणि काहीही झालं तरी फळी सोडायची नाही: ती तरंगते, लांबून दिसते, शीड सोडून तिच्यावर पालथं पडून हाताने वल्हवत येता येतं. पोहत किनारा गाठायला निघालेला माणूस शोधणं फार कठीण.

## आपल्याकडे हे कोण करतं?

फार लोक नाहीत, आणि सामान बहुतेक आयात होत असल्याने स्वस्तही नाही. तरी 2023 च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत ईबाद अलीने पुरुषांच्या विंडसर्फिंगमध्ये भारतासाठी कांस्य आणलं. तो तयार झाला भोपाळच्या तलावावर. तिथे खारा वारा नाही, भरती-ओहोटी नाही. आपल्या दारात नोव्हेंबरपासून मेपर्यंत जवळपास रोज दुपारी वारा येतो आणि आपण त्याच्याकडे पाठ करून भेळ खातो, हे मला जरा लागतं.

शिकायचंच असेल तर फळी मोठी मागा. प्रौढ माणसाला 180-200 लिटर आकारमानाची फळी पहिल्या दिवसांत पेलते. लिटरचा आकडा किलोतल्या वजनाच्या दुपटीहून मोठा असला की ती पायाखाली कमी डगमगते. शीड 4 ते 5 चौरस मीटरपेक्षा मोठं नको, वजनाने हलक्यांना 3 पुरे. वर्ग सकाळचा आहे की दुपारचा ते विचारा. सकाळचा असेल तर सोबतीला इंजिनची होडी आहे का, हेही विचारा. दुपारचा असेल तर शिक्षकाला विचारा की चार वाजता वारा कुठून असेल. त्याने आग्वादच्या दिशेला बोट दाखवलं तर पैसे भरायला हरकत नाही.